एलएनपी डेंड्रिटिक सेलकडंच जावं म्हणून अँटिबॉडी लावावीच लागते का?

राजारामपुरी_बॉय: शिवाजी विद्यापीठात एमएस्सी बायोटेक करतोय, सेमिनारला कॅन्सर व्हॅक्सिन आणि लिपिड नॅनोपार्टिकल (एलएनपी, म्हणजे एमआरएनए पोचवणारे चरबीचे सूक्ष्म गोळे) घेतलंय. डेंड्रिटिक सेलनं (शत्रूची ओळख करून देणारी इम्यून सेल) एमआरएनए (प्रोटीन बनवायची रेसिपी) घ्यायचा, प्रोटीन बनवून टी सेलला (शत्रूला मारणारी इम्यून सेल) दाखवायचं, इथपर्यंत कळलं. पण शिरेतून दिलं की एलएनपी लिव्हरलाच जातं म्हणे, मग इम्यून सेलपर्यंत न्यायला प्रत्येक पार्टिकलवर अँटिबॉडी (ठराविक सेललाच चिकटणारं प्रोटीन) चिकटवायची का? सर हेच विचारणार बघा.

पेठेतला_पाव्हणा: भावा, लावायलाच पाहिजे असं काय नाही. रक्तात गेलं की एलएनपीवर एपो-ई नावाचं प्रोटीन बसतं आणि लिव्हरच्या सेलवरचे एलडीएल रिसेप्टर त्याला ओढून घेतात, आपल्या सीबीएस स्टँडसारखं, गाडी कुठली पण असू दे पहिली तिथंच लागणार. २०१८ ला मंजूर झालेलं पॅटिसिरान हे लिव्हरमध्ये काम करणारं औषध याच्याच जोरावर चालतंय, पण व्हॅक्सिनला ते नको असतंय. मग एक तर स्नायूत टोचायचं म्हणजे लिम्फ नोडकडं जातंय, नाहीतर चार्ज बदलायचा. बायोएनटेकवाल्यांनी (जर्मन व्हॅक्सिन कंपनी) २०१६ ला उंदरात दाखवलं की लिपिड कमी ठेवून पार्टिकल जरा निगेटिव्ह केलं की शिरेतून देऊनपण स्प्लीनमधल्या (प्लीहेतल्या) डेंड्रिटिक सेलमध्ये जातंय, अँटिबॉडी-बिटिबॉडी काय नाही. ते लायपोप्लेक्स (लिपिड आणि आरएनए नुसतं एकत्र गुंफलेलं) होतं, एलएनपी नव्हे, स्लाईडवर नीट लिही नाहीतर सर धरतील. एलएनपीत नेहमीची चार लिपिड असतात, त्यात पाचवं घालायची आयडिया टेक्सासच्या सीगवर्ट ग्रुपची, २०२० ची: निगेटिव्ह घातलं की स्प्लीन, कायम पॉझिटिव्ह राहणारं घातलं की फुफ्फुस.

सायली_लॅबवाली: दादांनी बरोबर सांगितलंय, फक्त एक भर. डेंड्रिटिक सेलचं कामच दिसेल ते गिळायचं, म्हणून त्यांना अँटिबॉडीशिवाय भागतं. टी सेल आपणहून फारसं आत घेत नाहीत, तिथं अँटिबॉडी खरी उपयोगी पडते, २०२२ ला सीडी५ ची (टी सेलवरचं प्रोटीन) अँटिबॉडी लावून उंदराच्या अंगातच कार-टी सेल, म्हणजे ठराविक सेल मारायला बदललेले टी सेल, बनवले होते (ते हृदयात चट्टे पडतात त्या फायब्रोसिससाठी, कॅन्सरसाठी नाही). आणि खरी गोची पोचल्यावर आहे, सेलनं गिळलं तरी बहुतेक एमआरएनए एंडोसोममध्येच (सेलमधली पिशवी) अडकून संपतो. तिथल्या आम्लात आयनायझेबल लिपिड पॉझिटिव्ह होऊन पडदा फोडतं तेव्हा कुठं थोडा बाहेर सुटतो. सेमिनारला अर्धा वेळ यालाच दे, टार्गेटिंगवर सगळेच बोलतात.

कळंबा_रोड: मधेच विचारतोय, माफ करा. मावशीचं ब्रेस्टचं ऑपरेशन झालंय, ही लस आपल्याकडं मिळंल का?

सायली_लॅबवाली: नाही हो दादा, बाजारात नाही, चाचण्या चालल्यात. मॉडर्ना आणि मर्कची मेलानोमावरची (त्वचेचा कॅन्सर) सगळ्यात पुढं आहे, पेशंटच्याच गाठीतली जास्तीत जास्त ३४ म्युटेशन निवडून बनवतात. १५७ जणांच्या चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅबसोबत (इम्यून सेलचा ब्रेक काढणारं औषध) दिल्यावर, नुसत्या पेम्ब्रोलिझुमॅबपेक्षा, रोग परतण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्के कमी दिसला. पण तो मेलानोमा, ब्रेस्टला तसंच होईल असं धरू नका. मावशींच्या ऑन्कोलॉजिस्टना विचारा, आणि कोणी पैसे घेऊन देतो म्हणालं तर देऊ नका.

राजारामपुरी_बॉय: ताई, ती पण स्नायूतच टोचतात का?

सायली_लॅबवाली: हो, स्नायूतच. अँटिबॉडी नाही, काही नाही. सरांना हेच उदाहरण दे.