रॅलीच्या जिप्सीची ठिगळं: ठेवायची की कापायची?

शेडमधली_जिप्सी (सातारा)

मंडळी, दीड वर्षापूर्वी १९९८ ची मारुती जिप्सी किंग घेतली. १२९८ सीसीचं कार्बोरेटरवालं इंजिन. आधीच्या मालकाने बरीच वर्षं रॅलीत पळवलेली. घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उघडून बसलोय. माझं मत स्पष्ट आहे: अशी गाडी घरीच, आपल्या हाताने दुरुस्त करावी, आणि तिला शोरूमचं रूप देऊ नये.

जिप्सीला पुढे-मागे अखंड ॲक्सल, चारही चाकांना पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा). उडी मारून गाडी खाली आली की मार बसतो तो शॉकअपच्या ब्रॅकेटला आणि पाट्यांच्या शॅकलला, म्हणजे पाटा चेसिसला टांगणाऱ्या दुव्याला. माझ्या गाडीच्या चेसिसला (खालच्या लोखंडी सांगाड्याला) नेमक्या त्याच जागी प्लेटा मारल्यात, तीच ही ठिगळं. मागे डावीकडे तर एकावर एक दोन. खालची नीट कापलेली, कडा घासलेल्या. वरची ओबडधोबड, घाईत डागलेली, बहुधा स्पर्धा चालू असताना. गाडी कशी वापरली गेली ते त्या दोन प्लेटा सांगतात. ते पुसून टाकायचं?

आधी एका गॅरेजला दिली होती. तिथे माझ्यादेखत दाराखालच्या गंजावर पुट्टी भरली. टोकरून पाहिलं तर आत बोट जाईल एवढं भोक. त्याच दिवशी गाडी ओढून घरी आणली. घरी काम सावकाश होतं, पण काय लपवलं जातंय हे तरी आपल्याला कळतं.

जिप्सी १९८५ च्या अखेरीस आली आणि २०१९ पर्यंत विकली गेली. आपल्याकडच्या कितीतरी जणांनी रॅलीची सुरुवात हिच्यावर केली. त्या गाड्या आता एकतर भंगारात गेल्या किंवा नव्या रंगाखाली ओळखू येईनाशा झाल्या.

पत्रा_आणि_वेल्डिंग (कोल्हापूर)

दादा, पुट्टीबद्दल शंभर टक्के सहमत. बाकी नाही. मी बावीस वर्षं चेसिसचं काम करतोय. एकावर एक मारलेल्या दोन प्लेटांच्या मध्ये पाणी शिरतं आणि तिथेच राहतं. बाहेरून प्लेट धडधाकट दिसते, आत मूळ चेसिस पापुद्र्यासारखी सुटलेली असते. तुम्ही ज्याला आठवण म्हणताय तो गंजाचा डबा आहे. दोन्ही कापा, चांगलं लोखंड लागेपर्यंत मागे जा, मग एकच प्लेट घ्या आणि चारी बाजूंनी सलग वेल्ड मारून बंद करा.

आणि घरी म्हणजे कशाने? साध्या आर्क मशीनने फ्लोअरचा पातळ पत्रा जळून भोकं पडतात, तिथे मिगच (तार आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन) लागतं. वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी उतरवलीत का? बॅटरीची वायर काढलीत का? जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, चार स्टँड घ्या. हे सगळं करणार असाल तर घर काय नि गॅरेज काय.

डावी_सीट (पुणे)

मी सहा वर्षं रॅलीत नॅव्हिगेटर (शेजारी बसून वाट सांगणारी) होते, म्हणून विचारते: रोल केज, म्हणजे पलटीत वाचवणारा पाइपांचा पिंजरा, अजून आत आहे का? असेल तर माझ्या मते पहिला प्रश्न तो आहे, ठिगळं नंतर.

रॅलीच्या नियमाप्रमाणे केजच्या मुख्य कमानीला ४५ मिमी व्यासाचा आणि २.५ मिमी जाडीचा, किंवा ५० मिमीचा आणि २ मिमी जाडीचा कोल्ड ड्रॉन सीमलेस (थंड ओढलेला, बिनजोडाचा) पाइप लागतो. जुन्या गाड्यांत पाण्याचा जीआय पाइप वाकवून बसवलेला मी स्वतः पाहिलाय. तसला पाइप पलटीत चेपतो. आणि केज उत्तम असला तरी तो हेल्मेट आणि पट्ट्यांसाठी असतो. तुम्ही बिनहेल्मेटचे बाजारात निघालात आणि मागून कुणी ठोकलं, तर डोकं थेट पाइपावर. रॅलीच्या सीटची आणि पट्ट्यांची मुदतही साधारण पाच वर्षं असते. चिंधी न झालेला पट्टासुद्धा उन्हाने आतून कमजोर झालेला असतो. इतिहास जपा, पण माणूस बसवणार असाल तर हे भाग जपायचे नाहीत.

पासिंग_झालं_का (नाशिक)

कायद्याचंही बघा. पंधरा वर्षं उलटली की दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, वर हरित कर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे आरसीतल्या नोंदीशी न जुळणारा बदल चालत नाही. व्हिंटेजची सवलत पन्नास वर्षांनंतर, म्हणजे तुमच्या गाडीला २०४८ साली. म्हणून माझं मत उलटं आहे: गाडी कंपनीने दिली तशी करा, पासिंग करून घ्या आणि रस्त्यावर चालवा. शेडमध्ये उभी ठेवलेली रॅली गाडी कुणासाठी?

शेडमधली_जिप्सी (सातारा)

ताई, केज आहे. तुमचं वाचून कोपऱ्यात पाइप घासून पाहिला, आत शिवण दिसतेय. म्हणजे सीमलेस नाही. तो निघणार, यावर वाद घालत नाही. जुने पट्टेही काढले.

नाशिककर, कंपनीने दिली तशी करणं मला पटत नाही. दारावरचा नंबर आणि पोचे याने पासिंग अडत नाही, ते राहतील. पुढचे किंगपिन बेअरिंग (ज्यावर पुढची चाकं वळतात), ब्रेक, स्टिअरिंग हे सगळं नवं होईल. गाडी चालणार आहेच.

कोल्हापूरकर, प्लेटांवर मी अडलोय. कापायच्या आधी एवढं करतो: चेसिसच्या ठरावीक भोकांतून ओळंबा सोडून खाली कोब्यावर खुणा करायच्या आणि दोन्ही कर्ण मोजायचे. डावीकडे दोनदा प्लेट का लागली, चेसिस मुळातच वाकलीय का, ते त्यात कळेल. थेट कापलं असतं तर हे कळलंच नसतं.

पत्रा_आणि_वेल्डिंग (कोल्हापूर)

कर्ण मोजणं बरोबर, आकडे इथे टाका. पण गाडी आधी पाणसळीत, चारी स्टँड सारख्या उंचीवर, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही. आणि प्लेट कापायचीच, माझं म्हणणं बदललेलं नाही. कापलेली प्लेट फेकू नका हवं तर, पण ती चेसिसवर नको. मिग मशीन घेऊन मी एका रविवारी येऊ शकतो. टाकी मात्र तोवर उतरवून शेडच्या बाहेर ठेवा.