ढोलाच्या खोडासाठी पट्ट्या कापायचा जिग (लाकूड ठरलेल्या कोनात धरून ठेवणारा साचा): शेवटचा सांधा बसत नाही, सल्ला हवा

नंदनवनकर: नमस्कार मंडळी. गणपतीआधी मुलांसाठी 12 इंची ढोल करून राहिलो. अखंड लाकूड कोरायची सोय नाही, म्हणून लकडगंजातून साग आणून 16 पट्ट्यांचं खोड जोडतोय. टेबल सॉचं (मेजात बसवलेल्या गोल करवतीचं) पातं 11.25 अंशांवर तिरकं केलं. 15 सांधे घट्ट बसतात, सोळाव्यात बोट जाईल एवढी फट. दोनदा असंच झालं. काही सोपा जिग सुचवा.

रंधा_इतवारी: भाऊ, मशीनवरच्या अंशांवर विसंबू नका. 16 पट्ट्या म्हणजे 32 काप. प्रत्येकात पाव अंश चुकला तरी शेवटी 8 अंश जमा होतात. पातं सरळच ठेवा, उतार जिगमध्ये बांधा. 18 मि.मी. प्लायचा तळ, त्यावर तिरकी फळी: 200 मि.मी. आडवं गेलं की 39.8 मि.मी. चढ, म्हणजे तेच 11.25 अंश. स्टीलच्या पट्टीनं हे कोनमापकापेक्षा नेमकं मोजता येतं. खालच्या कडेला टेकण आणि पट्टी दाबायला दोन टॉगल क्लॅम्प (दांडा दाबला की घट्ट धरणारे चाप) हवेतच, बोटं पात्याजवळ जायला नकोत. पट्टी 62 मि.मी. रुंद धरा. एक कड कापली की तिची टोकं अदलाबदल करा, वरची बाजू वरच राहू द्या. पालथी केलीत तर दोन्ही काप समांतर येतील आणि पट्टी वाया जाईल. दर वेळी टेकणीतला भुसा ब्रशनं झाडा.

नंदनवनकर: धन्यवाद दादा. पण सगळा साग कापण्याआधी कोन बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

रंधा_इतवारी: टाकाऊ लाकडाच्या 4 पट्ट्या कापून टेपनं जोडा. 16 पैकी 4 म्हणजे बरोबर काटकोन. सुताराच्या काटकोनी गुण्याच्या आतल्या कोपऱ्यात धरा, दोन्ही टोकांचे काप गुण्याला चिकटले पाहिजेत.

सागवान_काकू: माझं ऐकाल तर 8-8 पट्ट्यांची दोन अर्धी खोडं वेगवेगळी चिकटवा. वाळली की जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून कडा घासा, मगच दोन्ही जोडा. उरलासुरला फरक तिथं निघून जातो. आणि लाकूड आणल्या आणल्या कापू नका. उन्हाळ्यात कोरडं पडलेलं लाकूड पावसाळ्यात फुगतं, दोन-तीन आठवडे कामाच्या जागीच राहू द्या.

नंदनवनकर: काल जिग बांधला. गुण्यात धरल्यावर एका टोकाला बारीक उजेड दिसत होता. उताराखाली वहीचा एक कागद सरकवला, उजेड गेला. साग अजून ओलसर वाटतो, पुढच्या रविवारी बघतो.