सॅन फ्रान्सिस्कोची बाथहाऊसं बंद करणं चूकच होतं

वाटाड्या:
९ ऑक्टोबर १९८४ला सॅन फ्रान्सिस्कोचे आरोग्य संचालक मर्विन सिल्व्हरमन यांनी समलिंगी पुरुषांची बाथहाऊसं (स्नानगृहं, जिथे पुरुष एकमेकांना भेटत आणि संबंध ठेवत), क्लब अशी १४ ठिकाणं एड्सच्या कारणाने बंद करायला लावली. माझ्या मते ती घोडचूक होती. कॅलिफोर्नियात १९७५पर्यंत दोन पुरुषांनी राजीखुशीने एकत्र येणंही गुन्हा होता, बारवर पोलिसांच्या धाडी पडत. त्या माणसांना इथे आतून कडी लावता येणारी खोली मिळाली. आणि नुसती खोलीच नाही. न्यूयॉर्कच्या कॉन्टिनेन्टल बाथ्समध्ये बेट मिडलर गायची, पियानोवर बॅरी मॅनिलो, आणि समोर कमरेला टॉवेल गुंडाळून बसलेले श्रोते!

डोंबिवलीकर:
अजिबात पटलं नाही. लॉस एंजेलिसच्या एड्सच्या पहिल्या पाच रुग्णांची नोंद जून १९८१ची. रक्ताची चाचणी आली मार्च १९८५मध्ये. तोवर आपल्याला लागण झालीय हे धडधाकट माणसाला कळायला मार्गच नव्हता. एका रात्रीत अनेकांशी संबंध येतो अशी जागा उघडी ठेवून 'मोठी माणसं आहेत, त्यांचं ती बघतील' म्हणायचं? बंदी मागणाऱ्यांत समलिंगी कार्यकर्तेही होते. ते काही आपल्याच लोकांचे वैरी नव्हते.

वाटाड्या:
वैरी कोण म्हणतंय? पण नोव्हेंबरात कोर्टाने ती पुन्हा उघडायला परवानगी दिली ती कशी, बघा: खोल्यांची दारं काढा आणि दर दहा मिनिटांनी फेरी मारणारी माणसं नेमा. ज्या दारासाठी लोक येत होते तेच काढलं. मग माणूस अंधाऱ्या बागेत जाणार. तिथे त्याला एड्सपासून बचावाचं पत्रक कोण देणार?

रातराणी:
मी मुंबईत काही वर्षं हेच, पत्रकं आणि कंडोम वाटायचं काम केलंय. आमच्याकडे बाथहाऊसं कुठली, बागा आणि स्टेशनावरच्या मुताऱ्या. वर २०१८पर्यंत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ची टांगती तलवार. एका मुलाने कंडोमचं पाकीट घेतलं, खिशात घातलं, चार पावलं गेला आणि परत आणून दिलं. "ताई, पोलिसांनी झडती घेतली आणि हे सापडलं तर?" त्यानंतर तो आम्हाला दिसलाच नाही.

डोंबिवलीकर:
रातराणी, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तरी बंदीला चूक म्हणायला जीभ रेटत नाही. सॅन फ्रान्सिस्को जनरल रुग्णालयाच्या ५बी वॉर्डात १९८३पासून परिचारिका एड्सच्या रुग्णांचे हात हातात घेऊन बसत. त्या खाटेवर यायची वेळ एका जरी पोराची टळली असेल, तर माझ्या लेखी दारं गेली ती गेली.