अमेरिकेच्या मिडटर्मचे पोल कितपत खरे धरायचे?

औसा_रोड:
नमस्कार मंडळी. ३ नोव्हेंबर २०२६ ला अमेरिकेत मिडटर्म आहे, म्हणजे अध्यक्षाच्या चार वर्षांच्या मधोमध होणारी निवडणूक. तिथल्या संसदेची (काँग्रेस) दोन सभागृहं, त्यातल्या हाऊसच्या सगळ्या ४३५ जागा आणि सिनेटच्या ३५. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावरून रोज वाद चालू आहे. मावसभाऊ डॅलसला असतो, पक्का रिपब्लिकन, तो म्हणतो पोल सगळे खोटे, २०१६ बघा २०२० बघा २०२४ बघा, ट्रम्पचा माणूस मोजलाच जात नाही. आतेबहीण न्यू जर्सीला, ती म्हणते हाऊस डेमोक्रॅटकडं गेलंच समजा. दोघं तिथले नागरिक, दोघं मत देणारेत, आणि एकच पोल टाकून दोघं उलटं बोलायलेत. मी इथं लातूरला आडतीवर असतो, मला टॅरिफचं पुढं काय होतंय ते बघायचंय आणि भाचा एच-वन-बीच्या (तिकडं नोकरी करायच्या व्हिसाच्या) खटपटीत आहे म्हणून विचारायलोय. पोलवरून खरंच काही अंदाज येतो का?

सेलूकर:
तुमचा मावसभाऊ बरोबर बोलायलाय. २०२० ला मेन राज्यात सिनेटसाठी रिपब्लिकन सुझन कॉलिन्स जवळपास प्रत्येक पोलमध्ये मागं होत्या आणि ८ टक्क्यांहून जास्त फरकानं निवडून आल्या. २०२४ ला आयोवात ॲन सेल्झर, तिकडची सगळ्यात नावाजलेली पोलवाली, तिनं शेवटच्या आठवड्यात डेमोक्रॅट कमला हॅरिस ३ नं पुढं दाखवल्या आणि ट्रम्पनं आयोवा १३ नं घेतलं. १६ टक्क्यांची चूक लई झाली हो. ज्याचा मीडियावर राग आहे तो पोलवाल्याचा फोनच उचलत नाही, मग त्याचं मत येणार कुठून. आणि टेक्ससनं २०२५ ला हाऊसच्या मतदारसंघांचा नकाशाच नवा केलाय, रिपब्लिकनांच्या ५ जागा वाढतील असा, त्यामुळं देशभरात डेमोक्रॅट २-३ टक्के पुढं दिसले तरी त्यानं काही होत नाही.

परभणीची_लेक:
सेलूकर दादा, दोन्ही उदाहरणं खरी आहेत पण दोन्ही वर्षी मतपत्रिकेवर ट्रम्पचं नाव होतं, सगळा फरक तिथंच आहे. फक्त ट्रम्पसाठी बाहेर पडणारा मोठा वर्ग आहे, तो मिडटर्मला घरीच बसतो. अध्यक्षीय निवडणुकीला साठ-पासष्ट टक्के मतदान होतं, मिडटर्मला २०१४ मध्ये ते छत्तीस-सदतीसवर आलेलं आणि २०१८ ला पन्नासपर्यंत गेलं तर लोकांनी विक्रम म्हटलं. जो कॉलेज शिकलेला मतदार न चुकता प्रत्येक निवडणुकीला जातो तो आता जास्त करून डेमोक्रॅटकडं आहे, वीस वर्षांपूर्वी उलटं होतं.

म्हणून २०१६ आणि २०२० ची चूक उचलून २०२६ ला चिकटवता येत नाही. २०१८ ला पोल डेमोक्रॅट पुढं म्हणत होते, त्यांच्या ४० जागा वाढल्या. २०२२ ला तर सगळे लाल लाट (म्हणजे रिपब्लिकनांची) लाल लाट करत होते, पेनसिल्व्हेनियात सिनेटसाठी पोलच्या शेवटच्या काही सरासरीत रिपब्लिकन ऑझ किंचित पुढं आणि डेमोक्रॅट फेटरमन जवळपास ५ टक्क्यांनी जिंकले, रिपब्लिकनांना हाऊसमध्ये २२२ वरच थांबावं लागलं आणि सिनेटमध्ये उलट त्यांची एक जागा गेली. त्या वर्षी पक्षाशी बांधलेल्या पोलवाल्यांनी शेवटी शेवटी इतके पोल ओतले की सरासरीच एका बाजूला कलली, स्वतंत्र संस्थांचे आकडे बरेच जवळचे होते. २०२५ च्या नोव्हेंबरात न्यू जर्सीत गव्हर्नरची निवडणूक झाली तेव्हा पोलनी डेमोक्रॅट मिकी शेरिलला कमी दाखवलं, त्या दहा टक्क्यांहून जास्त फरकानं आल्या. म्हणजे चूक दोन्हीकडं होते आणि ती कुठल्या बाजूला होईल हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

आणि आपल्याकडचं बघा ना. २०२४ च्या लोकसभेला मराठवाड्यातल्या ८ पैकी ७ जागा आघाडीनं घेतल्या, महायुतीला फक्त संभाजीनगर, आणि एक्झिट पोल देशात ३५० च्या वर सांगत होते तिथं एनडीए २९३ वर. त्यानंतर सहा महिन्यात विधानसभेला हाच मराठवाडा पार फिरला. मधे लाडकी बहीणचे पैसे खात्यावर आले, मुद्दे बदलले. जूनचा आकडा जूनपुरता खरा होता, तो नोव्हेंबरला लावला की फसगत होते. तुमच्या ग्रुपवर दोघं उन्हाळ्यातले पोल घेऊन भांडत असतील तर ते भांडण आत्ता मिटणारच नाही.

सेलूकर:
ताई, २०२२ ला देशभरातली हाऊसची मतं रिपब्लिकनांना जवळपास ३ टक्के जास्त होती हे पण सांगा की, नुसती हार दाखवू नका. आणि सत्ताधारी पक्ष मिडटर्मला हरतोच असं थोडंच आहे, १९९८ ला क्लिंटनच्या पक्षाच्या जागा वाढल्या, २००२ ला बुशच्या.

परभणीची_लेक:
वाढल्या, कारण त्या दोन्ही वेळी अध्यक्षावर साठ टक्क्यांहून जास्त लोक खूश होते. पन्नासच्या खाली असताना २०१० ला ओबामांच्या पक्षाच्या ६३ जागा गेल्या. पोलमधला एकच आकडा बघायचा असेल तर अध्यक्षाच्या कामावर किती लोक समाधानी आहेत तो बघा. पण आतेबहिणीला पण एक सांगा, हाऊससाठी डेमोक्रॅटांना ३ जागा पुरतात, सिनेटमध्ये मात्र रिपब्लिकन ५३ आहेत, ५०-५० झालं तर उपाध्यक्ष व्हान्स यांचं मत, म्हणून तिथं ४ जागा फिरवाव्या लागतात. मेन आणि नॉर्थ कॅरोलिना घेतलं तरी अजून दोन ट्रम्प जिंकलेल्या राज्यांतून काढायच्या आणि हातातलं जॉर्जिया, मिशिगन सांभाळायचं. २०१८ ला हाऊसमध्ये ४० कमावल्या त्याच दिवशी सिनेटमध्ये २ गमावल्या.

तुळजापूर_ते_टेक्सस:
मी इथंच राहतो म्हणून नकाशाचं सांगतो. टेक्ससच्या नव्या ५ पैकी काही जागा रिओ ग्रांदे खोऱ्यात आणि सॅन अँटोनिओकडं आहेत, २०२४ ला तिथल्या लॅटिनो लोकांनी ट्रम्पला भरभरून मत दिलं ह्या हिशोबावर आखलेल्या. ते लोक परत फिरले तर ५ च्या ऐवजी दोन-तीनच हाती येतील. आणि कॅलिफोर्नियानं २०२५ ला लोकांचं मत घेऊन प्रपोझिशन ५० हा प्रस्ताव पास करून तिकडं डेमोक्रॅटांसाठी तेवढ्याच जागांची सोय केली, हे तुमच्या मावसभावानं ग्रुपवर टाकलं नसेल.

राहिलं तुमच्या भाच्याचं. एच-वन-बीवरची एक लाख डॉलर फी सप्टेंबर २०२५ ला अध्यक्षाच्या आदेशानं आली, काँग्रेसचा कायदा नाही तो. हाऊस डेमोक्रॅटांनी जिंकलं तर जानेवारी २०२७ पासून हाऊसच्या कमिट्या, चौकश्या त्यांच्या हातात येतील, बजेटमध्येही त्यांचं ऐकावं लागेल, पण अध्यक्षाचा व्हेटो (कायदा अडवायचा अधिकार) मोडायला दोन्ही सभागृहात दोन तृतीयांश लागतात आणि तेवढे कुणाकडंच नसणार. तेव्हा भाच्याचा निर्णय निकालावर अडकवू नका.