'एक्स्पॅट' आणि 'कंपाउंड': मराठीत काय म्हणाल?

शाईडाग
ओळखीच्या एका अमेरिकन बाईंच्या आजीची पत्रं मराठीत आणतेय. आजी १९५०च्या दशकात सौदीत धहरानला होत्या, नवरा अरामको या तेल कंपनीत. गाडं दोन शब्दांवर अडलंय.

'वी एक्स्पॅट्स', म्हणजे आम्ही परक्या देशात राहणारे, हे दर दोन पानांआड येतं. मी 'आम्ही परदेशस्थ' केलं. संपादक म्हणतात, परदेशस्थ म्हणजे आपला माणूस बाहेर गेलेला, गोऱ्या बाईच्या तोंडी ते शोभत नाही, सरळ 'आम्ही गोरे' लिहा. पण बाई रंगाबद्दल बोलत नाहीयेत. निदान त्यांना तसं वाटत नाही.

दुसरा 'कंपाउंड'. 'इथे कंपाउंडमध्ये आम्ही बायका गाडी चालवतो, फाटकाबाहेर नाही.' यावर संपादकांनी समासात लिहिलंय, 'कंपाउंडमध्ये म्हणजे भिंतीत? अनारकली का?'

काना_मात्रा
परराष्ट्रनिवासी. आवार. झालं. इतके चांगले शब्द हाताशी असताना लोक अडतात कुठे तेच कळत नाही.

मस्कतकर
'परराष्ट्रनिवासी' पत्रात लिहिणारी आजी डोळ्यांसमोर आणून बघा एकदा.

आणि आवार शाळेचं असतं, देवळाचं असतं. धहरानच्या त्या वस्तीत घरं, शाळा, सिनेमा, पोहण्याचा तलाव असं सगळं गाव होतं. त्याला आवार कसं म्हणणार? माझ्या मते 'कॉलनी'. मराठीत रेल्वे कॉलनी, बँक कॉलनी रुळलेली आहे, आणि इंग्रजीतला दुसरा अर्थही इथे फुकटात मिळतो.

कोयरी
कॉलनीला भिंत असेलच असं नाही. इथे भिंतच महत्त्वाची. बायकांच्या गाडी चालवण्यावरची बंदी जून २०१८ मध्ये उठली, तोवर कायदा त्या भिंतीपाशी बदलत होता. आणि १२ मे २००३ला रियाधमधल्या तीन कंपाउंडांवर हल्ले झाले, त्यानंतर त्या भिंतीकडे बघण्याची सगळ्यांचीच नजर बदलली. मी 'कंपाउंड'च ठेवेन. वाचकाला पहिल्या पानावर भिंत दिसली तर बिघडलं काय?

आप्पा_बळवंत
अहो, कंपाउंड शब्द मुळात आपल्या 'कुंपण'वरूनच गेलाय! साहेबाने ऐकला आणि आपला म्हणून वापरला. शंभर टक्के.

कोयरी
शंभर टक्के नाही. कोशकार बहुतेक मलय 'कांपुंग'कडे बोट दाखवतात. कांपुंग म्हणजे वस्ती, खेडं. क्वालालंपूरला आजही कांपुंग बारू आहे. म्हणजे सौदीतला अर्थ मुळाच्या जवळचा आणि आपण उगाच भिंतीला चिकटलोय.

आप्पा_बळवंत
कोशकार साहेबच होते की.

आंबाघाट
मूळ प्रश्नावर येतो. माझे वडील कुवेतला नोकरीला होते. अरब त्यांना 'रफीक' म्हणून हाक मारायचे. रफीक म्हणजे सोबती, मित्र. ऐकायला गोड, पण ती हाक हिंदी-पाकिस्तानी-बंगाली कामगारालाच. शेजारच्या टेबलावरचा स्कॉटिश माणूस 'मिस्टर'. पगारात किती फरक होता ते विचारूच नका, आई अजून ऐकवते.

गंमत म्हणजे अरबी 'साहिब'चा अर्थही सोबतीच. एक सोबती आपल्याकडे येऊन खुर्चीवर बसला, साहेब झाला. दुसऱ्या सोबत्याच्या हातात तिकडे फावडं आलं.

मस्कतकर
@आंबाघाट, तिसरा सोबती राहिला. १९५२ मध्ये सौदीत दारूबंदी परदेशीयांनाही लागू झाली, तेव्हा अरामकोच्या घराघरांत हातभट्टी लागली. त्या मालाचं नाव 'सिद्दीकी', म्हणजे 'माझा मित्र'. अजूनही जुने लोक नुसतं 'सिद' म्हणतात. @शाईडाग, आजींच्या पत्रांत आहे का?

शाईडाग
आहे! 'शेजारणीच्या न्हाणीघरात आमचा मित्र तयार होतोय' असं वाक्य आहे. मी चक्क मित्र असं भाषांतर करून पुढे गेले होते, आता परत बघते. :)

पण एक्स्पॅट?

काना_मात्रा
'देशांतरित' घ्या.

कोयरी
देशांतरित माणूस परत जायला निघालेला नसतो. आखातात नागरिकत्व जवळपास कुणालाच मिळत नाही, त्यामुळे तिथल्या इंग्रजी पेपरांत मलबारी ड्रायव्हरही एक्स्पॅट आणि ब्रिटिश बँकरही एक्स्पॅट. बोलताना मात्र गोरा माणूस स्वतःला एक्स्पॅट म्हणतो आणि ड्रायव्हरला 'लेबर'. तेव्हा संपादकांचं 'आम्ही गोरे' अगदीच चूक नाही. धहरानमध्येसुद्धा अमेरिकनांचा कॅम्प वेगळा, सौदी मजुरांचा वेगळा आणि हिंदी, इटालियन वगैरे मधल्या दर्जाच्या लोकांचा वेगळा होता. १९५३चा मोठा संप उगाच झाला नाही. आजींच्या 'वी'मध्ये हे मधले लोक आहेत का, ते बघा. नसतील तर शब्द आपोआप ठरतो.

शाईडाग
नाहीत. एका पत्रात स्वयंपाकी गोव्याचा आहे, त्याचं नावही आहे, पण 'वी'मध्ये तो नाही.

उलट एका ठिकाणी अरब आहेत. कुणाच्या तरी मजलिशीत कहवा देतात. इवलासा कप, त्यात घोटभर ओततात, संपला की पुन्हा, परत पुन्हा. रिकामा कप मनगटाने थोडा हलवून परत द्यायचा, म्हणजे पुरे. हे बाईंना कुणी सांगितलं नव्हतं. यजमानाच्या म्हाताऱ्या आईने हात धरून हलवून दाखवला. त्यानंतर त्या लिहितात, 'वी ऑल लाफ्ड'. आख्ख्या गठ्ठ्यात एवढ्याच जागी 'वी'मध्ये सगळे आहेत.

कोयरी
तिथे 'आपण' करा! 'आम्ही'वर इतकी पत्रं घालवली आणि इथे 'आपण सगळे हसलो'. इंग्रजीला हे जमणार नाही.

काना_मात्रा
पत्र मायदेशी आईला लिहिलंय ना? मग 'आपण'मध्ये ती आई येते, अरब नव्हे. व्याकरणाशी खेळू नका.

आंबाघाट
हे मात्र बरोबर आहे.

पागोळी
एक विचारू? व्हायोलेट डिक्सन १९२९ला नवऱ्याबरोबर कुवेतला गेल्या. तो तिथे ब्रिटिशांचा पोलिटिकल एजंट होता. तो १९५९ला वारला, तरी त्या तिथेच राहिल्या, थेट १९९०च्या इराकी आक्रमणापर्यंत. अरब त्यांना 'उम्म सौद' म्हणत, सौदची आई. त्यांना एक्स्पॅट म्हणायचं? की काही वर्षांनी हा शब्द गळून पडतो?

मस्कतकर
सुंदर प्रश्न. सरकारी अरबीत 'वाफिद', म्हणजे आलेला. परवाना 'इकामा', तो असलेला 'मुकीम'. आणि हे इकामा, मुकीम, आपला 'मुक्काम', सगळे एका धातूचे. मग 'आम्ही मुक्कामी लोक'? मुक्काम हलणार हे त्यात आहेच, आणि किती वर्षांनी ते कुणी विचारत नाही.

शाईडाग
मुक्कामी! आवडलं. जरा एसटीची मुक्कामी गाडी आठवते, पण आवडलं.

काना_मात्रा
म्हणजे अरबी शब्दाला अरबी शब्दच. मराठी कुठे गेली?

मस्कतकर
'मुक्काम पोस्ट' लिहून आयुष्य गेलं की राव तुमचं. माधव जूलियनांनी १९२५मध्ये फारशी-मराठी कोश केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले. तुम्ही निदान आधी कोश तरी करा.

काना_मात्रा
वैयक्तिक होऊ नका.

आप्पा_बळवंत
विषय निघालाच आहे तर, 'त्याला कोणी वाली नाही' यातला वाली रामायणातला. आमचे मास्तर सांगायचे.

मस्कतकर
तो अरबी 'वाली', शासक, पालक. ओमानमध्ये आजही प्रत्येक विलायतीला वाली असतो. विलायत म्हणजे तिथे आपल्या तालुक्यासारखं. मी रोज एका विलायतीतून दुसऱ्या विलायतीत कामाला जातो.

शाईडाग
कंपाउंडचं काय करू मग? शनिवारी पानं द्यायची आहेत.

आप्पा_बळवंत
मग विलायती चिंच ओमानची का?

पागोळी
ती मेक्सिकोची.