सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट रखडतो तो क्लायंटच्या बदलांमुळे, की मुळात तारीखच खोटी म्हणून?

बदल_नको
माझं मत स्पष्ट आहे: बदल. अमेरिकेतला डेन्व्हर विमानतळ ऑक्टोबर १९९३मध्ये सुरू व्हायचा होता, सुरू झाला २८ फेब्रुवारी १९९५ला. मोठा अडसर होता सामान वाहणारी स्वयंचलित यंत्रणा. अमुक तारखेनंतर डिझाइन गोठवायचं, असं कंत्राटदाराने आधीच बजावलं होतं. तरी विमान कंपन्यांच्या नव्या मागण्या सुरूच: स्कीचं सामान जायला हवं, सामानाच्या मार्गाचा एक अख्खा लूप (वेढा) काढा. आपल्याकडे हेच "फक्त एक फिल्टर टाकायचाय" या रूपात येतं. स्क्रीनवर एक ड्रॉपडाउन. पण त्यामागे बदलावं लागतं डेटाबेसमधलं टेबल, परमिशन, एक्सेल एक्स्पोर्ट आणि त्यावर बेतलेले सगळे रिपोर्ट. लेखी सही होईपर्यंत कोडला हात लावू नये.

तारीख_पे_तारीख
अर्धीच गोष्ट सांगितलीत. जर्मनीतल्या म्युनिक विमानतळाची सामानाची यंत्रणा डेन्व्हरपेक्षा साधी. तिला दोन वर्षं लागली, वर सहा महिने रात्रंदिवस चाचण्या. डेन्व्हरचा करार १९९२च्या एप्रिलमधला, म्हणजे हातात जेमतेम दीड वर्ष! निविदा भरणाऱ्यांपैकी कुणीही वेळेत होईल असं म्हटलं नव्हतं. एकही बदल झाला नसता तरी ते रखडलंच असतं. आपल्याकडे सेल्सवाले "होऊन जाईल" म्हणून येतात आणि एस्टिमेट त्या तारखेपासून उलटं मोजत बसतात.

टेस्टिंगवाली
दोघेही डेव्हलपर दिसताय! तुमचं काम लांबलं की दिवस कापले जातात आमचे. एप्रिल १९९४मध्ये डेन्व्हरला पत्रकारांसमोर चाचणी घेतली, तेव्हा बॅगा फाटून कपडे बाहेर पडले होते. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये टेस्ट डेटात सगळी नावं इंग्रजी. लाइव्ह गेल्यावर कुऱ्हाडे आडनावाच्या पावतीवर 'ऱ्हा'च्या जागी चौकट. फॉन्टचा घोळ, पण रिलीज मागे घ्यावं लागलं.

बदल_नको
ताई, चाचणीचे दिवस कापले जातात ते बदलांनीच वेळ खाल्ला म्हणून ना?

तारीख_पे_तारीख
नाही, चाचणीला वेळ प्लॅनमध्येच नसतो. मग शेवटी चार माणसं वाढवतात. आयबीएममध्ये ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्सनी १९७५मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो.

टेस्टिंगवाली
आणि त्या चौघांना सिस्टीम समजावायला बसवतात कुणाला? टेस्टिंगवालीलाच.