५१ जणांची सहल, १४२ जणांची वर्गणी: संघाने पैसे घालावेत का?

हिशेबनीस

परवा आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची वार्षिक सभा झाली. बाकीचे विषय वीस मिनिटांत उरकले आणि या एकावर दीड तास गेला, म्हणून इथे आणतोय. संघ पुण्यातला, कोथरूडच्या बाजूचा. मी दोन वर्षं खजिनदार आहे, म्हणजे शिव्या खाण्याचं पद.

सभासद १४२, वर्गणी वर्षाला ६०० रुपये. जमा ८५,२००. वर्षात आम्ही दोन एकदिवसीय सहली काढतो आणि चार नाटकांना जातो. सहलीला माणशी २०० आणि नाटकाच्या तिकिटाला माणशी १५० संघ घालतो, उरलेले ज्याचे त्याने भरायचे. सहलीला दोन्ही वेळा ३४ जण होते, नाटकाला दर वेळी ३०. गेल्या वर्षी १३,६०० अधिक १८,००० असे एकूण ३१,६०० गेले. वर्गणीच्या रुपयातले सदतीस पैसे.

मग मी सहाही कार्यक्रमांच्या याद्या समोर घेऊन बसलो. वेगवेगळी माणसं किती? ५१. उरलेले ९१ जण एकदाही फिरकले नाहीत. कुणाला झेपत नाही, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाला नाटकाची मुळात आवडच नाही. त्यांच्या पैशाने मी दुसऱ्यांना मिसळ का खाऊ घालायची?

माझं म्हणणं एवढंच की आयोजन संघाने करावं आणि खर्च ज्याचा त्याने. सभेत मला "कद्रू" म्हणून झालंय, त्यामुळे नवीन शब्द शोधा.

पायरीमोजणी

शंभर टक्के सहमत, आणि मी तर जाणाऱ्यांपैकी आहे!

मागच्या सहलीला आपला संघ भुलेश्वरला गेला. यवतजवळचं, डोंगरावरचं यादवकालीन देऊळ. आत स्त्रीरूपातला गणपती आहे, फोडलेल्या मूर्तींतूनही कोरीवकाम कळतं, सगळं मान्य. पण गाडीतून उतरल्यावर पायऱ्या, आणि आत गेलं की अंधारातला उंच पायऱ्यांचा अरुंद जिना. माझे दोन्ही गुडघे बदलायला झालेत. मी दीड तास गाडीत बसून ड्रायव्हरच्या मोबाइलवर कुस्त्या पाहिल्या. कुस्ती चांगली होती. पण देऊळ पाहणाऱ्यालाही २०० रुपये आणि न पाहणारीलाही २००, हा कसला न्याय? ठिकाण निवडणारे तिघे जण रोज सकाळी टेकडी चढतात, तिथेच घोळ आहे.

खडीसाखर

त्या तिघांतली एक मी. टेकडी चढते हे खरं आहे, माफी मागते. पुढची सहल मोरगावला नेऊ, तिथे पायऱ्या थोड्या आहेत.

पण हिशेबनीस, तुमच्या वहीत एक रकाना राहिला. वाचनालयात रोज पाच वर्तमानपत्रं येतात. ती वाचायला किती जण येतात? मी मोजलेत, बारा. त्यातले चार शब्दकोड्यासाठी. योगवर्गाच्या शिक्षिकेला मानधन जातं आणि वर्गाला अठरा जण असतात. तिथे कुणी विचारत नाही की उरलेल्यांनी का भरायचं. संघ म्हटलं की कुणी कशाला येणार, कुणी कशाला नाही. सगळं ज्याचं त्याने करायचं असेल तर ६०० रुपये तरी कशाला गोळा करता?

हिशेबनीस

वर्तमानपत्रांचं बिल सहलींच्या मानाने किरकोळ आहे. शब्दकोडी सोडवणाऱ्यांत मी आहे हेही नमूद करतो.

तिसरी घंटा

मी वेगळ्याच कारणाने विरोधात आहे. सहली खुशाल काढा, पण नाटकाला एकगठ्ठा तीस माणसं घेऊन जाऊ नका.

गेल्या महिन्यात बालगंधर्वला माझ्या मागच्या दोन रांगा अशाच कुठल्याशा मंडळाच्या होत्या. तिसरी घंटा होण्याआधी "भ्रमणध्वनी बंद ठेवा" अशी विनंती झाली. पडदा वर गेला तरी यांची हजेरी चालूच, "जोशी वहिनी आल्या का? पाणी कुणाकडे आहे?" पहिल्या अंकात नायिका एका वाक्यावर थांबते. सगळं नाट्यगृह शांत. आणि मागून, "काय म्हणाली?" त्यावर शेजारणीने ते वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणून दाखवलं, तेही चुकीचं. वर चिवड्याची पिशवी.

एकटा किंवा दुकटा माणूस नाटकाला जातो तो नाटक बघायला. तीस जण जातात ते एकमेकांना भेटायला. मग बागेत भेटा की.

सूनबाई डोंबिवलीच्या

तिसरी घंटा, चिवड्याबद्दल तुमच्या बाजूने. बाकी नाही.

माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या, कान शाबूत, नाटकाचं वेड. सावित्रीबाई फुले कलामंदिर घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. तरी चार वर्षं एकही नाटक पाहिलं नव्हतं, कारण तिकीट आता मोबाइलवर काढायचं. ॲप उघडा, आसन निवडा, ओटीपी, यूपीआय. मुलाला सांगितलं की तो "काढतो" म्हणतो आणि प्रयोग होऊन जातो. (तो मुलगा म्हणजे माझा नवरा, त्यामुळे मी अधिकाराने सांगतेय.) तिकीटखिडकी आहे, पण तिकिटासाठी एक फेरी आणि नाटकासाठी दुसरी, म्हणजे नाटकापेक्षा रिक्षाच महाग पडते. महिला मंडळातल्या एक बाई आता तीस जणींची तिकिटं एकदम काढतात आणि रोख पैसे घेतात. मंडळ एक पैसा घालत नाही, तरी वीसेक जणी ठरलेल्या येतात.

म्हणजे हिशेबनीस काका म्हणतात ते आमच्याकडे चालू आहे आणि छान चाललंय.

खडीसाखर

छान चाललंय कारण ज्यांना परवडतं त्या येतात. ज्या येत नाहीत त्यांना कुणी विचारलं का?

आता त्या १५० रुपयांबद्दल. पाचशेपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यामुळे पुष्कळ नाटकांची पुढची रांगही पाचशेतच असते. मागच्या वेळी खालची मधली रांग ४०० आणि बाल्कनी २५० होती. बाल्कनीला जिना. म्हणजे संघाचे १५० हे चैनीचे पैसे नाहीत, तो जिना न चढण्याचा खर्च आहे. पेन्शन असलेले ४०० सहज काढतात. आमच्यात सहा-सात जण असे आहेत की संघाने हात काढला तर ते वर जाऊन बसणार नाहीत, घरीच बसतील आणि "हल्ली नाटकं बरी नसतात" म्हणतील. सभेत उठून "मला परवडत नाही" असं कोण म्हणणार?

फलाट क्रमांक नऊ

गाडी भाड्याने घ्यायचीच कशाला? ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या वरच्यांना राज्यात एसटी फुकट आहे, पासष्टच्या वर अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून बायकांना सरसकट अर्धं. स्वारगेटला जमा, जेजुरीची गाडी पकडा, संध्याकाळी परत. वयाचा पुरावा तेवढा जवळ ठेवा. चौदा हजारांची खासगी बस म्हणजे पैशाचा माज.

पायरीमोजणी

जेजुरी! भुलेश्वरच्या पायऱ्या कमी पडल्या म्हणून आता जेजुरी.

खडीसाखर

फलाट क्रमांक नऊ, तुम्ही ३४ ज्येष्ठांना घेऊन स्टँडवर कधी उभे राहिला आहात? मी राहिलेय, एकदाच. गाडी लागली की आमचे वीस जण चढले, चौदा खाली राहिले. चढलेल्यांना उतरवायला कंडक्टरने नकार दिला, त्याचंही बरोबर होतं. दोन तुकड्या तासाच्या अंतराने पोचल्या आणि डबे सगळे दुसऱ्या तुकडीत.

शिवाय सहल देवळावर नाही, स्वच्छतागृहावर ठरते. हे पुरुषांच्या लक्षात येत नाही. मी प्रत्येक सहलीच्या आधी स्कूटरवर जाऊन रस्त्यातली दोन हॉटेलं बघून येते. दाराला कडी आहे का, पाणी आहे का, एक तरी कमोड आहे का. नाहीतर अर्ध्या बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येते. आपली बस असली की कुठेही थांबवता येते.

हिशेबनीस

तुमच्या पेट्रोलचे पैसे तुम्ही कधी मागितले नाहीत.

खडीसाखर

तुम्ही कधी विचारले नाहीत.

ठाण्याचा प्रेक्षक

तिसरी घंटा यांच्या दुखण्यावर आमच्याकडे उतारा आहे. आम्ही चार-पाच मंडळं मिळून गडकरी रंगायतनचा अख्खा प्रयोगच ठरीव रकमेला विकत घेतो. निर्मात्याला रक्कम आधी मिळते, तिकिटं आमची आम्ही वाटतो, दुपारची वेळ घेतो म्हणजे रात्री परतायची धास्ती नाही. कुजबुज असली तर आमची आम्हालाच. फक्त सगळी तिकिटं खपली पाहिजेत. एकदा पाऊस आला, दोनशे खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि तो खड्डा भरायला आम्हाला वर्ष लागलं. खजिनदाराचं काळीज घट्ट असेल तरच या वाटेला जा.

हिशेबनीस

माझं नाही.

बरं, खडीसाखर यांच्या जिन्याच्या मुद्द्यावर मी थोडा हललोय. सहलीचे २०० बंद, यावर अजून ठाम आहे. नाटकाचे १५० ठेवू, पण सगळ्यांना नकोत. फॉर्मवर "सवलत हवी" असा चौकोन ठेवू, ज्याला हवी त्याने खूण करावी. नाव फक्त मला कळेल.

तिसरी घंटा

तुम्हाला कळेल म्हणजे सभेला कळेल. खजिनदार आणि गुपित?

खडीसाखर

खूण कुणी करणार नाही. उलटं करा. १५० सगळ्यांना धरलेलेच, ज्याला नको असतील त्याने "सवलत नको" वर खूण करावी. ती खूण लोक हौसेने करतील आणि सगळ्यांना सांगतही फिरतील.

हिशेबनीस

हे मात्र खरं. पहिली खूण माझी.

पायरीमोजणी

रविवारी साडेबाराच्या प्रयोगाला मी आणि माझी बहीण. बहिणीच्या चौकोनावर खूण करा, माझ्या नको. आणि खुर्च्या खाली, कडेच्या द्या. मध्यंतराला रांग लागायच्या आत पोचायचं असतं.